चार चाकं, एक परीघ

पुण्यात नाना पेठेतल्या एखाद्या टायरच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "दोनच घाला साहेब, बाकीचे दोन अजून वर्षभर निघतील." बहुतेक गाड्यांना हा सल्ला चालतो. पुढच्या चाकांवर ओढली जाणारी साधी मोटार असेल तर तिचे पुढचे टायर लवकर झिजतात, दोन बदलले की काम भागतं आणि घरचं गणितही बिघडत नाही. पण हल्ली त्याच दुकानासमोर येऊन थांबणाऱ्या गाडीच्या पाठीवर कधी ‘४×४’, कधी ‘ऑलग्रिप’, कधी ‘क्वाट्रो’ अशी पाटी असते. मालक या प्रकारच्या गाडीला नवा असतो, टायरवाला धंद्यात मुरलेला असतो, आणि सल्ला मात्र तोच दिला जातो. या गाडीसाठी तो सल्ला चुकीचा आहे. किती चुकीचा, ते टायरच्या दुकानात कळत नाही. काही महिन्यांनी गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडे कळतं.

महाराष्ट्राचं या गाड्यांशी नातं नुसतं खरेदीचं नाही. विलीज जीप स्वतंत्र भारतात आली ती मुंबईत, महिंद्रांच्या जुळणीतून. आजची थार नाशकात बनते. जीप कंपास रांजणगावला, एक्सयूव्ही ७०० चाकणला. मर्सिडीजच्या ‘फोरमॅटिक’ गाड्या चाकणमध्येच जुळतात, ऑडीच्या ‘क्वाट्रो’ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, आणि लँड रोव्हरची जुळणी २०११ पासून पुण्यात होते. टायरही आपल्याकडेच तयार होतात. सिएटचे कारखाने भांडुप, नाशिक आणि नागपूरजवळ आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा वाळूजला. एवढं सगळं अंगणात असूनही चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला टायर कसे निवडायचे, याची साधी माहिती कारखान्याच्या फाटकाबाहेर पोचलेली नाही. मला ही गोष्ट खटकते, कारण त्या माहितीअभावी लोकांचे कष्टाचे लाखभर रुपये विनाकारण जातात.

भोसरीत एक मिस्त्री आहेत. अशा गाड्यांचे ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेट्या, आणि मागचे कपलिंग उघडण्यात त्यांचा हात बसलेला आहे. त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाकावर एका गाडीचं मागचं कपलिंग सुटं करून ठेवलेलं होतं. क्लचच्या पातळ चकत्या ओळीनं मांडलेल्या, काहींवर निळसर-काळे चट्टे. तेल एका डब्यात काढून ठेवलं होतं, ते काळं पडलेलं आणि त्याला जळका वास. मी विचारलं, "गाडी कुठं चिखलात अडकली होती का?" ते म्हणाले, "नाही हो. रोज हिंजवडी ते कोथरूड. टायर बघा गाडीचे." गाडी बाहेर उभी होती. पुढचे दोन टायर नवे कोरे, मागचे दोन जवळजवळ गोटा झालेले, आणि तेही वेगळ्या कंपनीचे.

हे का होतं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. मोटार वळते तेव्हा तिची चारही चाकं चार वेगळ्या वर्तुळांवरून जातात. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून एकाच एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरण्याची मुभा हवी. ती डिफरन्शियल देतं. पण पुढच्या चाकांचं वर्तुळही मागच्या चाकांपेक्षा मोठं असतं. इंजिनची ताकद दोन्ही एक्सलना एकदम द्यायची, तर पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्येही अशीच मुभा लागते. या तिसऱ्या सांध्याचा विचार ज्यांनी चिकाटीनं केला त्यांत हॅरी फर्ग्युसन होते, ट्रॅक्टरला तीन-बिंदू जोडणी देणारे तेच. त्यांच्या कंपनीची रचना घेऊन इंग्लंडमध्ये १९६६ साली ‘जेन्सन एफएफ’ ही रस्त्यावरची चारचाकी ओढीची मोटार आली. अवघ्या ३२० गाड्या बनल्या. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली ती कायम चारही चाकांवर चालणारी, मध्ये कुलूपबंद करता येणारं डिफरन्शियल घेऊन. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीनं क्वाट्रो मांडली, आणि रॅलीच्या मैदानात तिनं बाकीच्यांना विचार करायला लावला. यानंतर ही यंत्रणा हळूहळू घरगुती गाड्यांत उतरली.

हा मधला सांधा वळणासाठी बनवलेला असतो. वळण काही सेकंदांचं. तेवढ्या वेळात पुढच्या-मागच्या गतीतला फरक तो सोसतो आणि गाडी सरळ झाली की निवांत होतो. टायरची मापं जुळत नसली तर मात्र गाडी सरळ हमरस्त्यावर असतानाही तो फरक राहतो. त्या सांध्याला वाटतं, गाडी अखंड वळतेच आहे.

आता आकडे बघू. ग्रँड व्हिटाराच्या चारचाकी ओढीच्या मॉडेलला २१५/६० आर १७ मापाचे टायर येतात. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा सांगतो की टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वर-खालची दोन बाजूंची उंची मिळवली की टायरचा पूर्ण व्यास ६८९.८ मिलिमीटर येतो आणि परीघ साधारण २१६७ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरच्या आसपास खोल असते. ती निम्मी झिजली, की व्यास ८ मिलिमीटरनं कमी होतो आणि परीघ २५ मिलिमीटरनं. एक इंच. एवढ्यानं काय होणार, असं वाटतं. पण पुढे नवे दोन आणि मागे निम्मे झिजलेले दोन अशी गाडी पुण्याहून कोल्हापूरला नेली, तर २३० किलोमीटरच्या प्रवासात मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा साधारण साडेबाराशे फेऱ्या जास्त माराव्या लागतात. टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक कागदावरच्या भूमितीपेक्षा थोडा कमी पडतो. तरी तो राहतोच, आणि त्यातली प्रत्येक जादा फेरी मधल्या सांध्यात घासली जाते. घर्षणाची उष्णता होते. उष्णतेनं तेल जळतं, चकत्या करपतात, आणि मग बेअरिंगचा आवाज सुरू होतो.

वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपले तर नांगर चालतो, पण मान सोलते. इथं तसंच होतं. गाडी चालत राहते म्हणून मालकाला काही कळत नाही.

नुकसान किती होईल, हे गाडीत कोणती रचना आहे त्यावर ठरतं. सगळ्या गाड्यांना ‘फोर बाय फोर’ म्हणून एकाच दावणीला बांधण्यानंच अर्धा गोंधळ होतो. जुनी जिप्सी, आजची थार आणि जिम्नी या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतंच. एरवी त्या मागच्या दोन चाकांवर चालतात. दांडा ओढून ‘४एच’ किंवा ‘४एल’मध्ये टाकलं, की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना पक्के जोडले जातात. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर चाकं थोडी घसरतात आणि ताण आपोआप निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला वाट नसते. म्हणून या गाड्यांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की पक्क्या कोरड्या रस्त्यावर चारचाकी ओढ लावू नका. अशा गाडीचे पुढचे-मागचे टायर थोडे वेगळे असले तरी ‘२एच’मध्ये रोज ऑफिसला जाता येतं, कारण पुढचा एक्सल तेव्हा मोकळाच असतो. पण ज्या दिवशी खरंच दांडा ओढायची वेळ येते, त्या दिवशी दोन वेगळ्या परिघांची चाकं एकमेकांशी झगडू लागतात. दांडा परत निघता निघत नाही, ही तक्रार मी थारवाल्या मुलांकडून ऐकली आहे, आणि टायर मोजायला सांगितल्यावर कारण तिथंच सापडलं आहे.

दुसरी जात कायम चारही चाकांवर चालणाऱ्यांची. जुन्या रेंज रोव्हर, सुबारू, टॉर्सन डिफरन्शियलच्या ऑडी. यांना मोकळं असं कधीच नसतं. मापाचा फरक झाला तर पहिल्या किलोमीटरपासून मोजणी सुरू.

तिसरी जात आपल्याकडे आता सर्वांत जास्त दिसते. डस्टरची २०१४ सालची चारचाकी आवृत्ती, कंपास, ग्रँड व्हिटारा, एक्सयूव्ही ७०० या सगळ्या मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी विजेवर चालणारं क्लचचं कपलिंग असतं. पुढची चाकं घसरली की संगणक ते आवळतो आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. ही रचना हलकी आहे, इंधन वाचवते, आणि शहरात फिरणाऱ्या माणसाला पावसाळी घाटात हवी तेवढी मदत करते. पण संगणकाला घसरण कळते ती चाकांच्या गतीवरून. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाची गती मोजतात. परीघ लहान असलेलं चाक जास्त वेगानं फिरतं. संगणकाच्या दृष्टीनं ते चाक घसरतंय. मग तो कपलिंग आवळत राहतो, गरज नसताना. गाडी सावकाश वळवून पार्किंगमध्ये लावताना खालून थरथर जाणवते, कधी तेल तापल्याचा इशारा येतो आणि चारचाकी ओढ आपोआप बंद होते. इशारा आला तर नशीब समजावं, निदान काहीतरी बिघडलंय हे तरी कळतं. भोसरीच्या बाकावर जे पडलं होतं ते याच जातीतलं.

या विषयाचं ज्ञान आपल्याकडे कुणाला असेल तर ते शेतकऱ्यांना, हे मला शिरोळ भागात समजलं. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान आणि मागची मोठी असतात. पुढे ९.५-२४ आणि मागे १६.९-२८ असा जोड सर्रास दिसतो. चाकं इतकी वेगळी असूनही ट्रॅक्टर मोडत नाही, कारण पुढच्या एक्सलचे दाते त्या हिशेबानंच निवडलेले असतात. उलट पुढच्या चाकांच्या परिघाचा वेग मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के जास्त राहावा अशी मुद्दाम योजना असते. त्याला ‘लीड’ म्हणतात. मागची चाकं ढेकळांत रुतली, घसरली, की पुढची ओढ धरतात. आता शेतकऱ्यानं मागे कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले आणि पुढचे झिजलेलेच ठेवले, तर ही आघाडी नाहीशी होते. पुढची चाकं ओढण्याऐवजी ढकलली जातात. उलटं केलं तर पुढचे टायर हंगामात गुळगुळीत होतात. उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यानं कारखान्यावर जाताना पुढच्या एक्सलचा दांडा काढून ठेवायचा, हे तिथल्या चांगल्या ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागत नाही. पुढचे टायर बदलताना मागच्यांची उंची मोजणारे ट्रॅक्टरवाले मी पाहिले आहेत. वीस-पंचवीस लाखांच्या गाडीचा मालक दुकानात हा प्रश्न विचारताना क्वचित दिसतो.

मग अशा गाडीला वेगळ्या मापाचे टायर घालूच नयेत का? घालावेत, अवश्य घालावेत. कारणं चांगली असतात. कुणाला दगडधोंड्यांत जायचं असतं म्हणून उंच आणि जाड बाजूचा टायर हवा असतो, कुणाला हमरस्त्यावर गाडी जमिनीला धरून राहायला हवी असते, कुणाला मोठी अलॉय दिसायला आवडतात. आवडतात हेही कारण मला मान्य आहे, गाडी प्रेमानं सजवणाऱ्या माणसाला हिणवण्याचं काही कारण नाही. फक्त दोन गोष्टी पाळल्या पाहिजेत. चारही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आणि नव्या टायरचा पूर्ण व्यास कंपनीनं दिलेल्या व्यासाच्या जमेल तितका जवळ. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक लोक मान्य करतात, पण मला विचाराल तर अशा गाडीला दोन टक्क्यांच्या आत राहावं.

ग्रँड व्हिटाराचंच घ्या. १८ इंची रिम घालायची असेल तर २३५/५० आर १८ या टायरचा व्यास ६९२.२ मिलिमीटर येतो, मूळ मापापेक्षा जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जास्त. उत्तम जुळणी. त्याऐवजी दुकानात शिल्लक आहे म्हणून २२५/५५ आर १८ गळ्यात मारला, तर व्यास ७०४.७ होतो, दोन टक्क्यांहून वर. चारही तसेच असतील तर कपलिंगची तक्रार नाही, पण वेगाचा काटा तेवढा कमी दाखवेल आणि गाडी तेवढी जड ओढेल. २३५/५० मध्ये तोटा आहे तो वेगळा. टायरची बाजू १२९ वरून ११७.५ मिलिमीटरवर येते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर ती साडेअकरा मिलिमीटरची गादी गेली, की रिम वाकण्याचा धोका वाढतो. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचा रोजचा रस्ता खड्ड्यांचा, त्यानं रिम मोठी करू नये. रिमचा आकार कायम ठेवून थोडा रुंद टायर घ्यावा. २३५/५५ आर १७ चा व्यास ६९०.३ येतो, मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत.

जिम्नीवाल्यांचा ओढा उलट दिशेला. तिचं मूळ माप १९५/८० आर १५, व्यास ६९३. बरेच जण २१५/७५ आर १५ घालतात. व्यास ७०३.५, दीड टक्का जास्त, गाडी पाच मिलिमीटर उंच होते आणि यंत्राला फारसं कळतही नाही. पण जिप्सीच्या जमान्यापासून लोकप्रिय असलेला २३५/७५ आर १५ घातला, तर व्यास ७३३.५ वर जातो. जवळजवळ सहा टक्के. इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढा लांब पडतो, चढावर दम लागतो, ब्रेकला जास्त काम पडतं आणि पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डच्या आत घासू शकतो. त्यासाठी सस्पेन्शन उचलावं लागतं, मग शाफ्टचे कोन बदलतात. गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरणारी मंडळी हे सगळं करतात, पण ती एक्सलचे दातेसुद्धा बदलून घेतात. नुसते टायर बदलून थांबत नाहीत.

रिमबद्दल दुकानात जे बोललं जात नाही ते ‘ऑफसेट’. रिमच्या मध्यरेषेपासून नट बसण्याची जागा किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. नटांची वर्तुळं जुळली, जिम्नीला ५×१३९.७ आणि ग्रँड व्हिटाराला ५×११४.३, की रिम बसली असं दुकानदार समजतो. ती बसते, पण ऑफसेट कमी असेल तर चाक बाहेर सरकतं. गाडी रुंद, रुबाबदार दिसते. बेअरिंगवरचा भार मात्र वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं, आणि चाकानं उडवलेला चिखल दारांवर येतो. स्पेसर लावून हाच परिणाम साधणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, घाटाच्या रस्त्यावर चाकाच्या नटांशी खेळ करू नका.

टायरवरचा आणखी एक आकडा पाहायला हवा. मापानंतर ‘९६ एच’ असं काही लिहिलेलं असतं. ९६ म्हणजे त्या टायरवर ७१० किलोपर्यंत भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ९१ असेल तर भार ६१५ किलोवर येतो. पाच माणसं, सामान, छतावर कॅरिअर आणि उन्हाळ्यात मराठवाड्यातला तापलेला रस्ता. इथं कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला म्हणून घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

न्यू जर्सीत राहणारा माझा एक मामेभाऊ सुबारू चालवतो. थंडीच्या प्रदेशातल्या मराठी घरांतून ही गाडी बरीच दिसते, बर्फात ती हट्टानं चालते म्हणून. त्याचा एक टायर बाजूनं फाटला, दुरुस्त होण्यापलीकडे. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. दुकानदारानं चार टायर घ्यायला सांगितलं तेव्हा भावाला वाटलं, हा लुबाडतोय. त्यानं मला फोनवर विचारलं, "दादा, एका टायरसाठी चार?" पण दुकानदार बरोबर होता. सुबारू कंपनीचं सांगणं आहे की चार टायरांच्या परिघात पाव इंचाहून, म्हणजे साधारण साडेसहा मिलिमीटरहून अधिक फरक नको. निम्म्या झिजेचा फरक त्याच्या चौपट जातो. त्याला दुसरा मार्ग मिळाला. अमेरिकेत नवा टायर यंत्रावर तासून त्याची नक्षी बाकीच्या तिघांइतकी करून देणारे आहेत. चांगला रबर असा तासून टाकताना जीव हळहळतो, पण तीन टायर फेकून देण्यापेक्षा हिशेब परवडतो. हिवाळी टायरांच्या बाबतीतही तिकडे शहाणपणा आहे. १८ इंचांच्या जागी १७ इंची रिमवर, बाजू उंच असलेला हिवाळी टायर चढवतात. रिम लहान होते, परीघ तोच राहतो, आणि बर्फाखाली लपलेला खड्डा सोसायला रबर जास्त मिळतं.

स्टेपनीचा प्रश्न याहून अवघड. सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाच्या खोलीत फ्यूजसाठी एक रिकामी जागा असे. बारीक स्टेपनी लावायची वेळ आली तर त्या जागी फ्यूज बसवायचा, की मागच्या चाकांची ओढ बंद होई आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर घरी जाई. किती विचारी सोय! आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट आहे, त्यांना स्टेपनी देण्याचं बंधन १ ऑक्टोबर २०२० पासून उरलं नाही. अनेक गाड्यांत बारीक स्टेपनीच मिळते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. चारचाकी ओढीच्या गाडीला ती लावली, तर ‘लॉक’ किंवा ‘स्नो’ची कळ दाबू नये आणि जवळच्या पंक्चरवाल्यापलीकडे जाऊ नये. स्टेपनी पूर्ण मापाची असेल, तर ती डिकीत कोरी करकरीत ठेवण्यात काही भूषण नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर फिरवताना तिलाही पाचवं चाक म्हणून फिरवा. पाचही एकसारखे झिजतील आणि ऐन वेळी लावलेली स्टेपनी कपलिंगला जाचणार नाही.

काही गाड्यांना कंपनीच पुढे-मागे वेगळी मापं देते, मग त्या कशा चालतात, असं वाचक विचारतील. निसान जीटी-आर चारही चाकांवर चालते. तिला पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २० टायर आहेत. हिशेब केला तर पुढचा व्यास ७१२ मिलिमीटर, मागचा ७०७.५. मागचा टायर ३० मिलिमीटरनं रुंद, पण परिघातला फरक एका टक्क्याच्या आत. रुंदी हवी तितकी बदला, परीघ सांभाळा, हे तिच्या अभियंत्यांनी करून दाखवलं. टेस्लाच्या मॉडेल वाय परफॉर्मन्सला पुढे २५५/३५ आर २१ आणि मागे २७५/३५ आर २१ असतात. तिथं फरक दोन टक्क्यांपर्यंत जातो. पण तिच्यात पुढची आणि मागची मोटार वेगळी, दोघींना जोडणारा शाफ्टच नाही. घासायला मधला सांधा नाही. २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीच्या चारचाकी आवृत्तीतही दोन मोटारीच आहेत. अशा गाड्या वाढल्या की या लेखातला निम्मा मजकूर जुना होईल, आणि मला त्याचा आनंदच वाटेल. तरी त्यांतही चाकांच्या गतीवरूनच संगणक घसरण ओळखतो. कंपनीनं दिलेल्या जोडीत आपल्या मनानं बदल करू नये, एवढं तिथंही लागू आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलात बदल करायला मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या अधोरेखित केल्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनी जे माप देते ते घेणं म्हणूनच सर्वांत निर्धोक. बाकी काही घातलं असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेक्षक मडगार्डबाहेर आलेल्या टायरचा फोटो काढतो, तेव्हा वाद घालून उपयोग होत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की कायद्यानं टायर बाद होतो. पावसात आपण त्याच्या बऱ्याच आधी बदलायला हवा.

चार टायरांना चाळीस हजारांच्या वर पैसे लागतात, आणि मध्यमवर्गीय घरात ती मोठी रक्कम आहे. दोन आज, दोन पुढच्या वर्षी, हा मोह मला समजतो. पण कपलिंग किंवा ट्रान्सफर केसचं काम निघालं, की याहून मोठा आकडा समोर येतो आणि टायर तर घ्यावेच लागतात. टायरवाल्यांनाही माझी विनंती आहे. गाडीच्या पाठीवर ‘४×४’ दिसलं तर दोन विकण्याआधी गिऱ्हाईकाला थांबवा. आज एक विक्री जाईल, पण माणूस जोडला जाईल.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात किंवा हिमाचलात निघण्याआधी वाचकांनी एक काम करावं. शिंप्याची टेप घ्या, चारही टायरांत सारखी हवा भरा, आणि प्रत्येक टायरच्या नक्षीच्या मधोमध टेप गुंडाळून परीघ मोजा. मडगार्ड आड आलं तर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरी ढकला आणि ते अंतर मोजा. चारही आकडे सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवा. गाडीच्या पुस्तकात फरकाची मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल आणि सगळ्यांत मोठ्या व सगळ्यांत लहान आकड्यात एका टक्क्याहून अधिक, म्हणजे साधारण वीस मिलिमीटरच्या वर फरक निघाला, तर प्रवास थोडा पुढे ढकला आणि आधी टायरचं बघा.